गुंटूरच्या डॉक्टर सिस्टर

भांडी घासता घासता ऐकत असाल तर नळ जरा बारीक करा. गटाच्या बैठकीत बसून ऐकत असाल तर हिशेबाची वही थोडा वेळ मिटून ठेवा. आज कर्ज नाही, हप्ता नाही. आज एका दवाखान्याची गोष्ट सांगायची आहे आणि ती सुरू होते मिरचीच्या पोत्यापासून.

उन्हाळा लागला की आपल्या कोल्हापूर भागात मसाल्याचे दिवस येतात. गटांना कांदा-लसूण मसाल्याच्या ऑर्डरी मिळतात, डंकावर नंबर लागतात. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि झणझणीतपणाला गुंटूर, हे आपलं ठरलेलं माप. अशाच एका दिवशी आम्ही सगळ्या मिळून पोती उतरवत होतो. गटातल्या एक मावशी पोत्याला हात लावायच्या आणि मागं सरायच्या. दोनदा झालं, तीनदा झालं. एकीनं चेष्टेनं विचारलं, “काय मावशी, आज अंग चोरताय व्हय?” मावशी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला बोलावलं आणि हळूच सांगितलं, “माझं अंग बाहीर येतंय. अकरा वर्सं झाली.”

अकरा वर्षं! घरात नवरा, दोन लेक, दोन सुना. कुणाला पत्ता नाही. एकदा त्या एका दवाखान्यात गेल्या होत्या. तपासणाऱ्या टेबलाचा पडदा अर्धा उघडा, आत माणसांची ये-जा, तपासायला पुरुष डॉक्टर, शेजारी एकही बाई नाही. मावशी तशाच उठून घरी आल्या त्या परत गेल्या नाहीत. म्हणाल्या, “बाई डाक्टर आसंल तरच दाविन. न्हाईतर हाय तसं बरं हाय.”

त्या रात्री आमच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. आपल्यातल्या किती जणी “हाय तसं बरं हाय” म्हणून दिवस काढत असतील? आणि योगायोग असा, की ज्या गावाचं नाव त्या पोत्यावर छापलं होतं, त्याच गुंटूर गावात शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन एक बाई समुद्र ओलांडून आली होती. तिच्या हाताखाली जो दवाखाना वाढला, त्याची ही गोष्ट.

‘सिस्टर’ म्हणजे कोण?

आधी एक शब्द समजून घेऊ. दवाखान्यात आपण नर्सला ‘सिस्टर’ म्हणतो. सिस्टर म्हणजे बहीण. पण परिचारिकेला बहीण म्हणायची रीत आली कुठून? युरोपात फार पूर्वीपासून आजाऱ्यांची सेवा करायचं काम मोठ्या प्रमाणात ख्रिस्ती धर्मातल्या व्रतस्थ बायका करत. त्या लग्न करत नाहीत, स्वतःच्या नावावर संपत्ती ठेवत नाहीत, एका संघात एकत्र राहतात आणि संघानं दिलेलं काम करतात. त्यांना नन किंवा सिस्टर म्हणतात, मराठीत धर्मभगिनी. त्यांच्यावरून पुढं सगळ्याच नर्सना सिस्टर म्हणायची पद्धत पडली.

या धर्मभगिनींचे अनेक संघ आहेत. कुणी शाळा चालवतात, कुणी अनाथाश्रम, कुणी दवाखाने. आपल्या मुंबईत वांद्र्याचं होली फॅमिली आणि अंधेरीचं होली स्पिरिट ही मोठी रुग्णालयं अशाच धर्मभगिनींची. मिरजेचं वॉनलेस रुग्णालय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. तेही मिशनचंच, पण ते प्रोटेस्टंट पंथाचं आणि एका डॉक्टरांनी सुरू केलेलं. आज आपण बोलतोय ते कॅथलिक पंथातल्या सिस्टरांच्या रुग्णालयाबद्दल.

बाई डॉक्टरची वाट बघणारं कोल्हापूर

गुंटूरला जाण्याआधी आपल्याच गावात थांबू. कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, कोणाला माहीत नाही? त्याचं जुनं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानानं त्यांना याच दवाखान्याच्या बायकांच्या विभागाचं काम देऊ केलं होतं. म्हणजे त्या काळीही इथं कळत होतं, की बाईच्या आजाराला बाई डॉक्टर पाहिजे. पण आनंदीबाई आजारी होऊनच परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय अवघं एकवीस. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्यांना एक दिवसही काम करता आलं नाही. पुढं डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच दवाखान्यात बायकांवर उपचार केले.

त्या काळी देशभर हीच अडचण होती. घरंदाज बाई पडद्यात. पुरुष डॉक्टरपुढं जाणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. बाळंतपण अडलं तर सुईणीच्या हातात जेवढं आहे तेवढं, त्यापुढं देवाची मर्जी. दवाखाना असून उपयोग नाही, कारण दवाखान्यात बाई नाही.

सेवेला परवानगी, बाळंतपणाला मनाई

तुम्ही म्हणाल, मग सिस्टर होत्या की! त्या का नाही पुढं आल्या? मैत्रिणींनो, इथंच खरी मेख आहे.

कॅथलिक धर्मसंस्थेचा जुना दंडक होता. ज्यांनी व्रत घेतलंय त्यांनी डॉक्टरकी करायची नाही, आणि सिस्टरांनी तर बाळंतपणाच्या कामाला हात लावायचा नाही. ब्रह्मचर्याच्या व्रताला ते शोभत नाही असं मानत. म्हणजे सिस्टरनी जखम धुवावी, ताप उतरवावा, म्हाताऱ्याला पाणी पाजावं. पण शेजारच्या खोलीत बाई अडली असेल तर तिथं तिनं जायचं नाही. पुरुष डॉक्टरला बाईजवळ जाता येत नाही आणि सिस्टरला जायची परवानगी नाही. मध्ये मरते कोण? ती बाळंतीण.

आपल्याकडं ‘विटाळ’ म्हणून बाळंतिणीला खोपटात टाकायचे, तिच्याजवळ कुणी जायचं नाही. धर्म वेगळे, देश वेगळे, कारणं वेगळी. पण बाळंतिणीभोवतीचं कुंपण सारखंच.

हे कुंपण पहिल्यांदा बोट ठेवून दाखवलं ॲग्नेस मॅकलॅरन या बाईंनी. त्यांचा जन्म स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला, १८३७ सालचा. त्यांच्या देशात बायकांना डॉक्टरकीची पदवी मिळत नव्हती, म्हणून त्यांनी फ्रान्समध्ये जाऊन १८७८ साली पदवी घेतली. साठी उलटल्यावर त्या कॅथलिक झाल्या. भारतातल्या बायका उपचाराविना मरतात हे कळल्यावर वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्या रावळपिंडीला आल्या. तेव्हा रावळपिंडी आपल्याच देशात होतं, आज पाकिस्तानात आहे. तिथं त्यांनी बायका-मुलांसाठी सेंट कॅथरिन हा दवाखाना उभा राहील अशी व्यवस्था केली. पण दवाखाना चालवायचा कुणी? तिथं राहणाऱ्या सिस्टर होत्या, पण त्यांना डॉक्टर व्हायची मुभा नव्हती. म्हणून या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी थेट रोमला, पोपच्या दरबारी खेटे घातले. एकदा नाही, अनेकदा. सिस्टरांना डॉक्टरकी शिकू द्या, ही एकच मागणी. उत्तर मिळायच्या आधी, १९१३ साली, त्या वारल्या.

तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी चार चकरा मारल्या की आपण म्हणतो, “जाऊ दे, मेलं.” या बाईंनी सत्तरी पार केल्यावर चकरा मारल्या आणि काम अर्धवट टाकून त्यांना जावं लागलं. पण काम थांबलं नाही, कारण त्यांनी मागं लिहून ठेवलं होतं, लोकांना सांगून ठेवलं होतं.

मेलबर्नहून गुंटूरला

१९१५ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या हाती एक छोटी पुस्तिका पडली. त्यात या ॲग्नेसबाईंची हकिकत होती आणि भारतात बाई डॉक्टरांची किती गरज आहे ते लिहिलं होतं. वाचणारीचं नाव मेरी ग्लौरी.

मेरीबाईंचा जन्म १८८७ सालचा. १९१० मध्ये त्या मेलबर्न विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. तेव्हा ऑस्ट्रेलियातही बाई डॉक्टरला रुग्णालयात जागा मिळणं अवघड. पहिल्या उमेदवारीसाठी त्यांना न्यूझीलंडला जावं लागलं. नंतर मेलबर्नला परत येऊन त्यांनी डोळ्यांच्या रुग्णालयात काम केलं, स्वतःचा दवाखाना थाटला. १९१६ मध्ये तिथल्या कॅथलिक बायकांची एक संघटना निघाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. म्हणजे चांगलं चाललेलं होतं सगळं.

पण ती पुस्तिका मनातून जाईना. पहिलं महायुद्ध सुरू होतं, लगेच निघता येत नव्हतं. मग थांबलेल्या वेळात त्यांनी काय केलं? पुढचं शिक्षण घेतलं. बाळंतपण, बायकांचे आजार आणि डोळे हे विषय घेऊन १९१९ साली वरची पदवी मिळवली. जिथं जायचं तिथं काय लागणार आहे हे ओळखून तयारी केली. आपण नवा धंदा काढताना आधी बाजार बघतो, तसंच हे.

फेब्रुवारी १९२० मध्ये त्या गुंटूरला पोहोचल्या. तिथं ‘जीझस, मेरी, जोसेफ’ या संघाच्या सिस्टर आधीपासून राहत होत्या. हा संघ मूळचा हॉलंडचा. मेरीबाई त्या संघात गेल्या, नाव मिळालं सिस्टर मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट. आणि डॉक्टरकीच्या मनाईचं काय? त्यांच्यासाठी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी खास परवानगी दिली. डॉक्टर म्हणून काम करणारी जगातली पहिली नन म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. नियम तसाच होता, पण त्याला एक फट पडली होती.

एका डॉक्टरचा दवाखाना

सुरुवातीला होतं काय तिथं? सिस्टरांचा एक छोटा औषधांचा दवाखाना. त्यातून पुढं सेंट जोसेफ रुग्णालय उभं राहिलं. कितीतरी वर्षं तिथं डॉक्टर म्हणून त्या एकट्या. गर्दी हजारांची. बाळंतिणी, तापाची मुलं, डोळ्यांचे रोगी. शिवाय बैलगाडीचा जमाना. गावोगाव जाऊन ज्यांना उठता येत नाही त्यांना बघणं वेगळंच. त्यांच्या हाताखालून लाखो रोगी गेले.

एकटी डॉक्टर लाखांना कशी पुरणार? इथं त्यांनी जे केलं ते आपण नीट ऐकावं. त्यांनी स्थानिक मुली-बायका हाताशी घेतल्या आणि त्यांना शिकवलं. कुणी औषधं बनवायला शिकली, कुणी नर्स झाली, कुणी शिकलेली सुईण झाली. त्यांनी इथल्या औषधी वनस्पतींचाही अभ्यास केला, कारण परदेशी औषधं महाग आणि वेळेवर मिळतील याचा भरवसा नाही. म्हणजे रुग्णालय वाढलं ते फक्त खाटांनी नाही, शिकलेल्या हातांनी वाढलं.

आज आपल्या गावात आशाताई आहेत, त्यांचंही काम याच जातीचं. डॉक्टर गावात पोहोचत नाही तिथं शिकवलेली बाई पोहोचते. म्हणून आशाताई दारात आली की “नंतर ये गं” म्हणू नका.

आता एक शंका काही जणींच्या मनात आली असेल, ती आम्हीच बोलून दाखवतो. या सिस्टर धर्मासाठीच आल्या होत्या ना? हो, त्यांच्या धर्मावरच्या श्रद्धेनंच त्या आल्या होत्या, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्याबद्दल ज्याचं त्याचं मत असू दे. आपल्यासमोर आजचा प्रश्न एवढाच आहे, की अडलेल्या बाईला हात कुणी दिला, आणि त्या हाताला कोण अडवत होतं.

नियम बदलला तो दिवस

मेरीबाई गुंटूरला आल्या त्याच वर्षी, १९२० मध्ये, रावळपिंडीच्या त्या सेंट कॅथरिन दवाखान्यात आणखी एक डॉक्टर आली. ॲना डेंगल, ऑस्ट्रियातल्या डोंगराळ भागातली. लहानपणीच आई गेलेली. ॲग्नेसबाईंनी मरण्याआधी तिला पत्रांनी वाट दाखवली होती. दोघींची भेट कधीच झाली नाही. तरी त्या पत्रांच्या भरवशावर ती आयर्लंडला जाऊन डॉक्टर झाली आणि रावळपिंडीला पोहोचली.

चार वर्षं काम केल्यावर ॲनाच्या लक्षात आलं, की एकटीदुकटी येऊन भागणार नाही. आज मी आहे, उद्या मी नाही, मग दवाखाना बंद? यासाठी शिकलेल्या बायकांचा संघच पाहिजे. १९२५ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला चार जणी जमल्या, दोन डॉक्टर आणि दोन नर्स. त्यांनी मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ सुरू केला. नियमात बसावं म्हणून त्यांनी जाहीर व्रत घेतलं नाही. राहणी सिस्टरची, काम डॉक्टरचं, आणि वाट बघायची. अकरा वर्षं त्यांनी तशीच वाट बघितली.

शेवटी ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून आज्ञापत्र निघालं. सिस्टरांना डॉक्टरकीचं, नर्सिंगचं आणि बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेऊन हे काम करायला परवानगी मिळाली. नुसती परवानगी नाही, हे काम करा असं उत्तेजन मिळालं. ॲग्नेसबाईंना जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

मग कुंपण पडलं ते पडलंच. ॲना डेंगलच्या सिस्टरांनी रावळपिंडीला होली फॅमिली रुग्णालय उभं केलं होतं. पुढं पाटण्याला, आणि १९५३ साली दिल्लीला त्याच नावाची रुग्णालयं झाली. रावळपिंडीचं रुग्णालय १९७७ मध्ये तिथल्या सरकारकडं गेलं, पण नाव अजून होली फॅमिलीच आहे.

पाटण्याच्या रुग्णालयाची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. १९४८ साली मदर तेरेसा कोलकात्यात नवं काम सुरू करायच्या आधी याच रुग्णालयात काही महिने नर्सिंग शिकायला राहिल्या. त्यांचा विचार होता, की आपल्या सिस्टरांनी गरिबांसारखं फक्त भात आणि मीठ खाऊन राहायचं. पाटण्याच्या सिस्टरांनी त्यांना बजावलं, की असं केलंत तर तुमच्या मुली आजारी पडतील, मग सेवा कोण करणार? मदर तेरेसांनी ते ऐकलं. मैत्रिणींनो, सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणाऱ्या आपण. सेवा करणारीनं आधी पोटभर जेवलं पाहिजे, हे डॉक्टर सिस्टरांनी सांगितलेलं आहे, विसरू नका.

सोळा जणींचा गट

आता परत गुंटूरला. मेरीबाईंना दिसत होतं, की देशात ठिकठिकाणी सिस्टरांचे दवाखाने आहेत, पण प्रत्येक जण एकटा लढतोय. औषधं एकटीनं आणायची, नर्स एकटीनं शिकवायच्या, सरकारशी एकटीनं बोलायचं. २९ जुलै १९४३ रोजी त्यांच्या पुढाकारानं सोळा सिस्टर एकत्र आल्या आणि त्यांनी कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली.

सोळा! म्हणजे आपला एक बचतगट. आपल्याही गटात दहा ते वीस जणीच असतात की. त्या सोळा जणींनी लावलेल्या रोपाखाली आज देशभरातल्या साडेतीन हजारांहून अधिक संस्था आहेत. त्यातले कितीतरी दवाखाने अगदी आडगावात आहेत.

मेरीबाईंचं आणखी एक स्वप्न होतं, की आपल्या देशात आपलं वैद्यकीय महाविद्यालय असावं. ते त्यांना बघायला मिळालं नाही. ५ मे १९५७ रोजी बंगळूरला कर्करोगानं त्या वारल्या. सदतीस वर्षं त्यांनी भारतात काढली. १९६३ मध्ये बंगळूरलाच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

बघा, ॲग्नेसनं पेरलं, मेरी आणि ॲनानं राखलं, कापणी तिसऱ्यांनी केली.

खासगी म्हणजे आपल्याला बंद?

सिस्टरांची रुग्णालयं सरकारी नाहीत, खासगी आहेत. ‘खासगी’ म्हटलं की आपल्याला धडकी भरते. पण खासगीतही दोन प्रकार असतात. एक, मालकाचा दवाखाना. त्याचा नफा मालकाचा. दुसरा, विश्वस्त संस्थेचा म्हणजे ट्रस्टचा. त्यातला पैसा कुणी घरी नेऊ शकत नाही, तो परत त्याच कामात घालावा लागतो. सिस्टरांची रुग्णालयं बहुधा या दुसऱ्या प्रकारात येतात. फी घेतात, पण मालक कुणी नाही.

आपल्या महाराष्ट्रात ट्रस्टच्या अशा रुग्णालयांना, मग ती कोणत्याही धर्माची असोत, धर्मादाय रुग्णालय म्हणतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतले २ टक्के वेगळ्या निधीत बाजूला काढायचे असतात. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. ही मेहरबानी नाही, योजना आहे. दाखला आजारी पडल्यावर काढायला धावू नका, गटातल्या प्रत्येकीनं आधीच काढून ठेवा.

दुसरं, मावशींच्या त्या अर्ध्या उघड्या पडद्याबद्दल. २०२१ साली महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णांच्या हक्कांची सनद घातली गेली. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर तिथं दुसरी बाई हजर असली पाहिजे, हा त्यातला एक हक्क. तपासणी आडोशाला व्हावी, आजाराची माहिती गुप्त राहावी, हेही हक्कच आहेत. तेव्हा लाजून उठून यायचं नाही. शांतपणे म्हणायचं, “डॉक्टरसाहेब, सिस्टरना आत बोलवा आणि पडदा ओढा.” एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा. बहुतेक डॉक्टर स्वतःच तशी काळजी घेतात. नाही घेतली तर आपण आठवण करायची.

तिसरं, गरोदर बायकांसाठी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सुनेला, लेकीला घेऊन जा.

मावशींचं काय झालं?

मावशींना आम्ही एकटं सोडलं नाही. बाई डॉक्टर कुठल्या दिवशी असतात ते आधी विचारलं आणि गटातल्या दोघी बरोबर गेलो. अंग बाहेर येणं म्हणजे गर्भपिशवी खाली सरकणं. जास्त बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच जड ओझी उचलणं, जुनाट खोकला, कुंथायची सवय, यांनी पिशवीला धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात. हा कुणाचा शाप नाही आणि लाज वाटण्यासारखंही यात काही नाही. लवकर दाखवलं तर व्यायामानं फरक पडतो. काही जणींना आत रिंग बसवतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. कंबर ओढल्यासारखी दुखणं, खाली जडपणा, काहीतरी उतरल्यासारखं वाटणं, लघवीला अडचण होणं ही त्याची लक्षणं.

मावशींना डॉक्टरीणबाईंनी रिंग बसवली आणि पुन्हा दाखवायला यायची तारीख दिली. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, “येवढंच हुतं व्हय? आणि मी अकरा वर्सं...” पुढं त्यांना बोलवेना.

परतीच्या एसटीत आम्हीही गप्पच होतो. मग मावशींनीच सांगितलं, की त्यांच्या भावकीत आणखी दोघी जणी आहेत, त्यांचंही असंच आहे, त्यांनाही घेऊन जाऊ.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. दार लोटून घ्या आणि एकमेकींना विचारा, “तुझं काही अंगावर काढणं चाललंय का?” आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात बाई डॉक्टर कोणत्या वारी असतात ते एकीनं विचारून यावं आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावं. नसतीलच, तर सगळ्यांनी सही-अंगठा करून अर्ज द्यावा. एका अर्जानं नाही झालं तर दुसरा द्यावा. ॲग्नेसबाई बहात्तराव्या वर्षी हिंडत होत्या, आपण तर अजून तरण्या आहोत.

आणि येत्या उन्हाळ्यात मिरचीचं पोतं उतरवताना त्यावरचं गुंटूर हे नाव वाचाल, तेव्हा त्या डॉक्टर सिस्टरची आठवण काढा. मावशी आता पोत्याला हात लावत नाहीत, डॉक्टरांनी जड उचलायला मना केलंय. त्या आता वजनकाट्यावर बसतात आणि मसाला तोळाभरही इकडं तिकडं होऊ देत नाहीत.